अकरा महिन्यांचा करार जर्मनीला समजावताना: माझा अनुभव

जळगावच्या एमआयडीसीत प्लॅस्टिकच्या चटया बनवणाऱ्या कारखान्यात मी अकाउंट्स बघतो. एका जर्मन कंपनीने आमच्यात निम्म्याहून जास्त हिस्सा घेतला आणि लगेच निरोप आला, आकडे आयएफआरएसप्रमाणे पाठवा. आयएफआरएस म्हणजे हिशेबाचे आंतरराष्ट्रीय नियम. त्यांचाही इलाज नव्हता. युरोपात शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना २००५ पासून समूहाचा एकत्रित ताळेबंद त्याच नियमांनी करावा लागतो. आपल्याकडे त्याच धर्तीचं इंड एएस (नवी भारतीय लेखा मानकं) १ एप्रिल २०१६ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचं झालं, पण शेअर बाजारात नोंदणी नसलेल्या कंपनीसाठी नेटवर्थची अट २५० कोटींची. आम्ही त्या गावचे नाहीच. आमचे हिशेब एएसवर, म्हणजे जुन्या भारतीय लेखा मानकांवर.

म्हणून टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर तसंच ठेवलं आणि एक्सेलमध्ये फरकांचा तक्ता केला. बरेचसे फरक किरकोळ निघाले. एमआयडीसीचा प्लॉट ९५ वर्षांच्या लीजवर, प्रीमियम सुरुवातीलाच भरलेला. जुनं एएस १९ जमिनीच्या लीजला लागूच नाही, आयएफआरएस १६ लागू आहे. रक्कम जवळपास तीच राहिली, ताळेबंदातली जागा बदलली.

घोडं अडलं ते अजिंठा चौफुलीकडच्या गोडाऊनवर.

करार अकरा महिन्यांचा, दरवर्षी नवा. आपल्याकडे हे कोणाला सांगावं लागत नाही. वर्षापेक्षा जास्त मुदतीचं लीज नोंदवावं लागतं, म्हणून अकरा महिने लिहायची सवय पडली. आता महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सही नोंदवावंच लागतं, तरी आकडा अकराच. आयएफआरएस १६ मध्ये एरवी भाड्याची जागा ताळेबंदात मालमत्ता आणि देणं म्हणून दाखवावी लागते, पण बारा महिन्यांपर्यंतच्या लीजला सूट आहे, भाडं सरळ खर्चात टाकता येतं. मी तसंच टाकलं होतं. तिकडच्या ऑडिटरचा प्रश्न आला: करार इतका छोटा, तर आत स्वतःच्या पैशाने लोखंडी माळा आणि रॅक का बांधले?

प्रश्न खोचक, पण रास्त. आयएफआरएसच्या अर्थबोध समितीने (नियमांचा अर्थ लावून देणारी समिती) नोव्हेंबर २०१९ मध्ये हेच सांगितलंय की मुदत ठरवताना फक्त करारातला दंड बघू नका, सोडून जाण्यात एकूण नुकसान किती तेही बघा. मी गोडाऊनच्या मालकांना विचारलं, पुढेही देणार ना? ते हसले. ‘भाऊ, तुम्ही कोठे जाई राहिनात?’ हे वाक्य ऑडिट फाइलमध्ये कसं घालणार! शेवटी दोघांच्या सहीचं पत्र केलं, माळ्याची बिलं आणि आधीच्या सगळ्या करारांच्या प्रती जोडल्या, आणि मुदत पाच वर्षं धरली.

भाडं महिना ४० हजार धरा. पाच वर्षांचे २४ लाख. बँकेकडून आम्हाला कर्ज १० टक्क्यांनी मिळेल असं मानून आजची किंमत काढली की सुमारे १८.८ लाख येतात. तेवढी मालमत्ता एका बाजूला, तेवढंच देणं दुसऱ्या बाजूला. भाड्याचा खर्च गेला, त्याजागी घसारा आणि व्याज आलं. सुरुवातीला व्याज जास्त, त्यामुळे पहिल्या वर्षी नफा थोडा कमी दिसतो. शेठना हे पटवायला ऑडिटरपेक्षा जास्त वेळ लागला. ‘भाडं तेवढंच देतोय ना आपण?’ हो, शेठ, तेवढंच.

ऑडिटचंही तेच. आपली एसए, म्हणजे ऑडिटची मानकं, आंतरराष्ट्रीय मानकांवरूनच बेतलेली, क्रमांकसुद्धा बहुतेक तेच. पण ६०० क्रमांकाचं मानक वेगळं आहे. आपल्याकडे समूहाचा ऑडिटर दुसऱ्याच्या कामावर विसंबून जबाबदारी वाटून घेऊ शकतो. तिकडच्या मानकात सगळी जबाबदारी त्याची एकट्याची, म्हणून तो आमच्या सीएंना काय तपासायचं ते आधीच लिहून पाठवतो. सीए साहेब चिडले, ‘हे माझी परीक्षा घेतायत काय?’ पण प्रश्नावली भरली, आणि माझ्या मते तिच्यातले स्टॉकचे प्रश्न आपल्यापेक्षा नेमके होते.

वर्षअखेरीचा मेळ मात्र बसला नाही. त्यांचं वर्ष डिसेंबरला संपतं, आपलं मार्चला. आयएफआरएस १० मध्ये तीन महिन्यांपर्यंतचा फरक चालतो, पण नवे आकडे देणं अशक्यप्राय असेल तरच, आणि टॅली असलेल्या माणसाने अशक्य कसं म्हणावं? त्यामुळे चटयांचे गठ्ठे ३१ डिसेंबरला मोजतो, आणि ३१ मार्चला पुन्हा.