चौथा पाय

रविवार, रात्री साडेदहा

दिवसभर टेबलापाशीच होतो. बाहेर ऊन असं की सात रस्त्यापर्यंत जाऊन यायचंसुद्धा जिवावर आलेलं.

भंगारात निघालेलं हे आठ फुटी बिलियर्ड टेबल घरी आणून चार महिने झाले. आता मिस्त्री रोज विचारतात, "मालक, काय काय बदलायचं एकदा सांगून टाका की."

रबर आणि कापड यांचं दुःख नाही. कुशनचं, म्हणजे आतल्या कडेचं, रबर वाळून दगड झालंय, चेंडू आदळला की जागीच बसतो. कापड कसरीनं खाल्लंय. चादरी-टॉवेलच्या या गावात नेमकं हेच कापड मिळेना, कारण ते लोकरीचं लागतं आणि आपलं सगळं सुती. मागवावं लागेल. ही झिजणारी सामग्री, याआधीही कोणीतरी बदललीच असणार.

कापडाखालची दगडी स्लेट तीन तुकड्यांत आहे. एका तुकड्याचा कोपरा उडालाय. मिस्त्री म्हणाले, "शहाबादी टाकू, घासून आरसा करून देतो." मी नको म्हटलं. उडालेला भाग कुशनखाली दडतो, आणि दोन्ही सांध्यांची पातळी नव्या दगडाशी जुळवत बसण्यापेक्षा सांध्यात मेण भरून तासलेलं बरं.

खरा हट्ट भाच्याचा, टेबल स्नूकरऐवजी पूल या खेळासाठी करून घ्यायचा. "मामा, पूलच करूया ना." पूलचा चेंडू ५७ मिलिमीटरचा, स्नूकरचा ५२.५. चेंडू मोठा झाला की कुशनची धार तीनेक मिलिमीटर वर घ्यावी लागते, नाहीतर चेंडू उसळतो. त्यात पॉकेटची तोंडं रुंद करायची, म्हणजे चौकटीचं सागवान कापायचं. रबर उद्या परत बदलता येईल, कापलेलं लाकूड कुठून आणू? स्नूकर आपल्याच जबलपूरला, १८७५ मध्ये लष्कराच्या मेसमध्ये सुरू झाला असं मानतात, हेही सांगून पाहिलं. त्यानं मोबाईलमधून मान वर केली नाही.

पण त्याला उपदेश करायला मला तोंड कुठाय? पहिल्याच आठवड्यात हौसेनं एका पायावर सँडिंग मशीन फिरवलं होतं. दहा मिनिटांत इतक्या वर्षांचा काळसर तांबूस रंग भुशात गेला. तो पाय आता शोरूममधल्या सोफ्याचा वाटतो. आतलं लाकूड चांगलं निघालं एवढंच समाधान, आणि तेही मी स्वतःची समजूत घालायला म्हणतोय.

मिस्त्रींचं म्हणणं सरळ: उरलेले तीनही घासा, चारही एकसारखे दिसतील. दुपारी जवळजवळ हो म्हणालो होतो. मग काठावरचे सिगारेटचे डाग दिसले, ओळीनं पाच, सगळे एकाच कोपऱ्यात. कोणीतरी डावाच्या नादात सिगारेट तिथंच ठेवून विसरत असणार. पाय घासायचे तर काठ का सोडायचा? मिस्त्रींनी काठही सोडला नसता.

तेव्हा ठरलं. पूल नाही. तीन पाय आणि काठ आहेत तसे राहतील. फक्त धूळ पुसायची. चौथ्यालाच चपड्याचे, म्हणजे लाखेच्या पॉलिशचे, हात द्यायचे, कापसाच्या बोळ्यानं, पातळ-पातळ, रंग जवळ येईपर्यंत. तंतोतंत जुळणार नाही. मिस्त्री म्हणाले, "वेडेपणा हाय, पण पैसे तुमचे."

भाचा रुसून गेला. चपडा स्पिरिटमध्ये भिजत घातलाय, झाकण घट्ट लावलंय. सकाळपर्यंत विरघळेल.