पायांचा आवाज

शुक्रवारी दुपारी जॉन्सन सिटीहून निघताना मी गाडीत १२ माइक, ४ मॉनिटर (कलाकारांना स्वतःचं गाणं-वाजवणं ऐकू यावं म्हणून स्टेजवर ठेवायचे स्पीकर) आणि केबलची भली मोठी भेंडोळी भरली. टेनेसीची हद्द ओलांडून व्हर्जिनियातल्या डोंगरात, एका जुन्या शाळेच्या हॉलमध्ये गाण्याची संध्याकाळ होती. कंट्री म्युझिक, पण नॅशव्हिलचा झगमगाट नव्हे. फिडल, बँजो, गिटार, ऑटोहार्प आणि उभा बास. ड्रम नाही.

हा मुलूख म्हणजे या गाण्यांचं माहेर. वाटेत ब्रिस्टल लागतं. तिथल्या स्टेट स्ट्रीटच्या मधोमध दोन राज्यांची सीमा जाते. व्हिक्टर या रेकॉर्ड कंपनीचे राल्फ पीअर १९२७च्या जुलैत या रस्त्यावरच्या एका इमारतीत रेकॉर्डिंगची यंत्रं घेऊन उतरले आणि डोंगरातून आलेल्या गाणाऱ्यांना त्यांनी तिथे गायला लावलं. पुढे कंट्रीत गाजलेले कार्टर कुटुंब आणि जिमी रॉजर्स, दोघांचीही पहिली रेकॉर्डिंग तिथलीच. या सगळ्या कहाणीत मला सर्वात जवळचे वाटतात ते लेस्ली रिडल. ए. पी. कार्टर गावोगाव गाणी गोळा करत हिंडायचे तेव्हा हे कृष्णवर्णीय गिटारवादक बरोबर असायचे. ए. पी. शब्द उतरवून घ्यायचे आणि चाल रिडल कानात साठवायचे. रेकॉर्डवर नाव लागलं ते मात्र कार्टरांचं. ब्रिस्टलवरून जाताना दर वेळी मला हे आठवतं आणि दर वेळी वाईट वाटतं.

हॉलवर पोचलो, माइकचे स्टँड मांडायला लागलो. बासवाले आजोबा सत्तरीचे असतील. थोडा वेळ बघत राहिले, मग शांतपणे म्हणाले, "एकच ठेव. मधोमध."

पद्धत मला माहीत होती. छातीच्या उंचीवर एक मोठा कन्डेन्सर माइक ठेवायचा आणि त्याच्याभोवती सगळ्यांनी अर्धगोल करून उभं राहायचं. ज्याची पाळी तो पुढे सरकतो, मोठ्या आवाजाचा बँजो एक पाऊल मागे राहतो. आवाजाचा समतोल कलाकार स्वतःच, चालून साधतात. मॉनिटर मी गाडीतच राहू दिले. असा माइक सगळं स्टेज ऐकतो, त्याच्यासमोर मॉनिटर लावला की लगेच शिट्टी मारतो. इथून जवळ, हिल्टन्सला, ए. पीं.च्या कन्या जॅनेट कार्टर यांनी १९७४मध्ये दर शनिवारच्या मैफली सुरू केल्या, तिथे तर विजेवरची वाद्यंच चालत नाहीत. या भागातल्या लोकांचे कान लाकडाचा आवाज ऐकून तयार झालेले आहेत.

कार्यक्रम सुरू झाला. खुर्च्या भरलेल्या, स्टेजसमोर लाकडी फरशीची मोकळी जागा. दुसऱ्या गाण्याला माणसं उठली आणि तिथे फ्लॅटफूटिंग, म्हणजे पायांनी फरशीवर ताल धरायचा इथला नाच, करू लागली. काहींच्या बुटांना खाली पत्र्याच्या टिकल्या. तो धपका फरशीतून स्टेजमध्ये, स्टेजमधून स्टँडमध्ये आणि तिथून माइकमध्ये. माझ्या मीटरवर खालचे सूर सारखे उसळत होते. मी लो कट मारला, म्हणजे खालचे सूर कापून टाकले. आधी १२० हर्ट्झला, मग २००पर्यंत नेला. मीटर शांत झाला. फिडल अगदी स्वच्छ ऐकू येऊ लागली. काम चोख झालं, असंच मला वाटत होतं.

मध्यंतरात आजोबा माझ्या टेबलाशी आले.

"नाचणारे कुठे गेले?"

मी सांगितलं, पायांची धडधड माइकमध्ये येत होती, ती काढून टाकली.

ते रागावले नाहीत. म्हणाले, "आमच्याकडे ड्रम नाही, बघतोयस ना? तो खाली फरशीवर आहे. मी त्यांच्या पायांवर वाजवतो. मागच्या रांगेला ते पाय ऐकूच गेले नाहीत, आणि माझा बासही अर्धा गेला."

मी मिरजेचा. लहानपणी शाळेतून येताना तंबोरे बनवणाऱ्यांच्या दुकानासमोर रेंगाळायचो. कारागीर घोडी घासून घासून जवारी काढायचे, तारेखाली दोरा सरकवत राहायचे, तंबोरा झणझणू लागेपर्यंत. बाहेरगावचा कुणी विचारायचा, तार सैल आहे का? आम्ही पोरं हसायचो. ती झणझण म्हणजेच तंबोरा, हे मला आठव्या वर्षी कळत होतं. आणि त्या संध्याकाळी दुसऱ्यांच्या गाण्याची जवारी मीच पुसून टाकली होती. मान वर करून त्यांच्याकडे बघवेना.

लो कट ५०वर आणला. पण स्टँडमधून थेट चढणारा धक्का थांबवायलाच हवा होता, नाहीतर स्पीकर नुसते घुमले असते. आजोबांनी बासची जाड खोळ आणली, तिची चौघडी घातली, मी स्टँड तिच्यावर ठेवला. आता फरशीचा धक्का खोळीत मुरत होता आणि हवेतून येणारा पायांचा आवाज तेवढा माइकमध्ये जात होता.

उत्तरार्धात बँजोवाल्या बाईंनी जुनी क्लॉहॅमर चाल धरली. नखाने तार खाली मारायची आणि अंगठ्याने आखूड पाचवी तार छेडत राहायची. ती तार एकाच सुरावर वाजत राहते, षड्जासारखी. ऐंशीच्या आसपासच्या एक आजी एकट्याच पुढे आल्या. कमरेवरचं अंग अगदी स्थिर, हात बाजूला सैल सोडलेले, पाय जमिनीपासून जेमतेम बोटभर उचलले जात होते. टिकल्यांचा बारीक आवाज मागच्या भिंतीपर्यंत स्पष्ट पोचत होता. बासवाले आजोबा त्यांच्या पायांवर नजर ठेवून वाजवत होते.

मग आधी फिडल थांबली, मग गिटार, मग बँजो. बासही थांबला. एक पूर्ण आवर्तन फक्त त्या आजींचे पाय वाजले. अख्खा हॉल श्वास रोखून ऐकत होता.

मी आवाजाच्या फेडरवरचा हात उचलून मांडीवर ठेवला.