आमची वाटचाल : घाणा, तेल आणि एक चिठ्ठी

निफाडची थंडी ज्यांना माहितीये त्यांना वेगळं सांगायला नको, पारा कधी कधी 5 च्या पण खाली जातो. डिसेंबरात मोठ्या माणसाच्या पायावर नख ओढलं तरी पांढरी रेघ उठते, मग तान्ह्या बाळाचं विचारूच नका.

आमचा लाकडी घाणा सुरू झाला तो खायच्या तेलासाठी. शेंगदाणा, करडई आणि थोडं खोबऱ्याचं. मिस्टर द्राक्षाच्या बागेत, घाणा मी आणि सासूबाई बघायचो. वर्षभरात लक्षात आलं की खोबरेल न्यायला येणाऱ्या निम्म्या बायका बाळासाठीच नेतात, मग म्हटलं 100 मिलीची वेगळी बाटली काढू. पहिल्याच थंडीत फोनवर फोन, "ताई, तेलात डालडा मिसळलाय का?" अहो, खोबरेल 24 डिग्रीच्या आसपास गोठतंच, बाटली कोमट पाण्यात ठेवा, पाच मिनिटात पातळ होईल. हे वाक्य मी तेव्हापासून दरवर्षी काही शे वेळा तरी म्हणत असेन.

मग आम्ही शहाणपणा केला. गोठायला नको आणि थंडीत "गरम" पण पडेल म्हणून मोहरीचं तेल मिसळून "थंडी स्पेशल" काढलं, खपलं पण जोरात. आणि नेमकी माझ्याच भाचीच्या चार महिन्यांच्या मुलीला ते लावल्यावर पाठ लालेलाल झाली, रात्रभर रडली पोर. बालरोगतज्ज्ञांकडे नेलं तर त्यांनी आधी तेल सोडून आंघोळीचं विचारलं. पाणी किती गरम, किती वेळ, काय चोळता. आमच्याकडे न्हाऊ घालणाऱ्या मावशी पायावर आडवं घेऊन डाळीचं पीठ आणि साय लावून लव जाईपर्यंत चोळायच्या, वर बंबाचं कढत पाणी. डॉक्टर म्हणाले लव आपोआप गळते हो, तुम्ही चोळून नुसती कातडी सोलताय. बाळाची त्वचा आपल्यापेक्षा पातळ, तिच्यातलं पाणी भराभर उडतं, त्यात गरम पाणी, पीठ आणि साबणाने वरचा नैसर्गिक तेलकटपणा पण निघून जातो. आणि मोहरीचं तेल कोवळ्या कातडीला झोंबतं. "थंडी स्पेशल" त्याच दिवशी बंद केलं, दुकानदारांकडून बाटल्या परत आणल्या. पैसे गेले ते गेले.

मला खरी गंमत वाटली ती पुढच्या गोष्टीची. तेलात पाणी नसतं! म्हणजे कोरड्या ठाक अंगावर कितीही तेल जिरवा, ओलावा येणार कुठून? आंघोळीनंतर टॉवेलने टिपून घ्यायचं, घासायचं नाही, आणि अंग थोडं ओलसर असतानाच दोन-तीन मिनिटात तेल किंवा क्रीम लावायचं, म्हणजे आतलं पाणी आत राहतं. आम्ही इतकी वर्षं उलटं करत होतो, आधी तासभर मालिश आणि नंतर ते सगळं पिठाने खरवडून काढायचं.

तेव्हापासून प्रत्येक बाटलीसोबत एक चिठ्ठी जाते. पाणी कोपराला कोमट लागेल एवढंच. आंघोळ पाच ते दहा मिनिटं. साबण लागेल तिथेच, आणि बिनवासाचा. तेल नाकात-कानात घालू नका. पावडर नको, बाळाच्या श्वासातून आत जाते. शेगडी-धुरीच्या खोलीत बाळ ठेवू नका (यावर सासूबाई अजून माझ्याशी बोलताना तोंड वाकडं करतात). नवजात बाळाची साल पहिल्या दोन-तीन आठवड्यात निघते ती नॉर्मल आहे, ओढून काढू नका. आणि गालावर लाल चट्टे, खाजेने झोप नाही, पाणी सुटतंय किंवा पिवळी खपली धरतीये, तर आमचं तेल बाजूला ठेवा आणि डॉक्टरकडे जा, तो एक्झिमा (इसब) असू शकतो.

शेवटचं वाक्य छापल्यावर एका डीलरने सांगितलं, "मॅडम, असं लिहिलं तर विकणार कसं?" त्याला लेबलवर "एक्झिमावर गुणकारी" हवं होतं. ते जमणारच नव्हतं. खायच्या तेलाला एफएसएसएआयचं (खाद्यपदार्थांचं) लायसन्स चालतं, पण अंगाला लावायचं म्हणून विकलं की एफडीएचं, म्हणजे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचं, कॉस्मेटिकचं लायसन्स लागतं आणि कॉस्मेटिकवर रोग बरा करण्याचा दावा करता येत नाही. लायसन्ससाठी वेगळी खोली, टाइल्स, टेस्टिंग, सगळं करावं लागलं, त्या वर्षी बागेचे पैसे पण त्यातच गेले. डीलर गेला तो गेलाच.

खरं सांगू का, खूपच कोरडं अंग असेल तर साधी बिनवासाची पेट्रोलियम जेली आमच्या तेलापेक्षा ओलावा जास्त धरून ठेवते आणि स्वस्त पण पडते. फोनवर कुणी विचारलं तर मी सांगते, मिस्टर कपाळावर हात मारतात.

त्या न्हाऊ घालणाऱ्या मावशी अजून आमच्याकडूनच तेल नेतात. पीठ सोडलंय म्हणतात. परवा पिशवीत डोकावले तर तेलाच्या बाटलीशेजारी डाळीच्या पिठाची पुडी होतीच, विचारलं तर म्हणाल्या, "अगं, पिठल्याला आहे ती."