कॉर्डलेस फोनची वॉरंटी नाकारता? मग लिहून द्या!

आमचं गाव दारव्हा तालुक्यात, खोलगट भागात. मोबाइलला रेंज हवी तर स्लॅबवर चढावं लागतं, आणि आईच्या गुडघ्यांना ते झेपत नाही. म्हणून घरच्या फायबर लाइनवर कॉर्डलेस घेतला. बेस ओसरीत, हँडसेट आईजवळ. गोठ्यात बसूनही ती मावशीशी निवांत बोलायची.

वॉरंटी एक वर्षाची. ती संपायच्या आतच, ऐन पावसाळ्यात, हँडसेट बेसला ओळखेनासा झाला. अगदी बेसला टेकवून धरला तरी स्क्रीनवर अँटेनाचं चिन्ह लुकलुकत राहायचं. आई म्हणाली, "काऊन रे बाप्पा, मुकं झालं का हे?"

तालुक्याच्या दुकानदारानं हात वर केले. "भाऊ, अमरावतीले सर्व्हिस सेंटरवर न्या लागते." बिल, वॉरंटी कार्ड आणि बेसच्या पोटाखालचा सिरियल नंबर जुळवून घेतला आणि गेलो.

तिथल्या काउंटरवर पहिलं उत्तर मिळालं, "अडॅप्टर लोकल आहे, वॉरंटी बसत नाही." अडॅप्टर तर खोक्यातूनच निघालेला. मी तो उलटा करून दाखवला. बारीक अक्षरांत आयएस १३२५२ आणि त्याखाली 'आर' अक्षरानं सुरू होणारा नोंदणी क्रमांक. भारतात विकल्या जाणाऱ्या अशा अडॅप्टरला बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची, नोंदणी सक्तीची आहे. बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये तो क्रमांक टाकला की बनवणाऱ्याचं नाव समोर येतं. ते लेबलवरच्या नावाशी जुळलं आणि तो मुद्दा संपला.

मग दुसरं कारण निघालं : "खेड्यात व्होल्टेज वर-खाली होतं. बेस जळला असेल." आता, वीज पडून किंवा व्होल्टेज वाढून झालेलं नुकसान वॉरंटीत नसतं, हे कार्डावर छापलेलंच होतं, ते मला मान्य. पण बेस उघडून न पाहताच हे ठरवायचं? आमची लाइन फायबरची, काचेच्या तंतूतून विजेचा झटका येत नाही. आमच्या गावच्या वायरमनभाऊंनी अडॅप्टरला मल्टिमीटर लावून पाहिला होता, लेबलवर लिहिलंय तेवढं व्होल्टेज बरोबर येत होतं. त्याच बोर्डावरचा फायबरचा डबाही ठणठणीत चालू होता.

मी एवढंच म्हणालो, "वॉरंटी नाकारता ना? जॉबशीटवर, म्हणजे दुरुस्तीच्या पावतीवर, कारण लिहा आणि सही-शिक्का द्या." ते काही लिहायला तयार होईनात. नुसतं 'तपासणीसाठी जमा' असं लिहून मिळालं.

घरी येऊन राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर फोन लावला. तिथं मराठीत बोलता येतं. बिल आणि जॉबशीटचे फोटो दिले, तक्रार क्रमांक मिळाला. पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोगाची होती. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यातच दाद मागता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, तक्रारीची मुदत दोन वर्षांची. पण तिथवर जावं लागलं नाही. कंपनीकडूनच फोन आला आणि बेस बदलून मिळाला. बदललेल्या बेसला नवीन वर्ष मिळत नाही, जुन्याची उरलेली मुदतच चालते.

हँडसेटमधले सेल मात्र वॉरंटीत नव्हते, ते विकत घेतले. यात १.२ व्होल्टचे चार्ज होणारे निकेल मेटल हायड्राइड सेलच लागतात. किराणा दुकानातले साधे पेन्सिल सेल चुकूनही घालू नका. बेसवर ठेवल्यावर ते चार्ज व्हायला लागतात आणि गळतात, फुटूही शकतात.

राहता राहिले जुने सेल, आणि माळ्यावर पडलेला काकांचा जुना कॉर्डलेस. त्यात निकेल कॅडमियमचे सेल होते, आणि कॅडमियम हे विषच. आमच्याकडे भंगारवाला तांब्यासाठी वायरी नाल्याकाठी जाळतो, त्याच नाल्यावर गुरं पाणी पितात. त्याला हे द्यायला माझं मन धजेना. खोक्यावर फुली मारलेल्या कचरापेटीचं चिन्ह असतं, ते यासाठीच. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांच्या यादीत कॉर्डलेस फोन आहे, त्याच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकावर आहे. माहितीपुस्तिकेतल्या नंबरवर विचारलं, तर सर्व्हिस सेंटरवरच जमा करा म्हणाले. सेलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावली, जुना फोन वायरींसकट पिशवीत भरला आणि नवा बेस आणायला गेलो तेव्हा त्याच काउंटरवर दिला. पोच मागितली. या वेळी त्यांनी लगेच लिहून दिली.