आप्पांचे मेसेज भलत्याच्याच फोनवर

"ओटीपी सांगा," काउंटरवरचा मुलगा स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला.

"कुठं आलाय?"

"रजिस्टर्ड नंबरवर."

तो नंबर बंद झालाय, तो बदलून द्या, एवढंच सांगायला मी पाऊण तास रांगेत उभी होते. याला आता सात महिने झाले. आप्पा बरे आहेत. तरी तो काउंटर आठवला की माझं डोकं आजही तापतं. ज्यांच्या घरी हार्ट फेल्युअरचा, म्हणजे हृदय कमजोर होऊन रक्त नीट पंप न होण्याचा, पेशंट आहे आणि "आमच्याकडून रोज मेसेज येईल" असं हॉस्पिटलने सांगितलंय, त्यांनी डिस्चार्ज घेतानाच फाइलमधला नंबर वाचून दाखवायला सांगा. मग पेशंटच्या खिशातल्या फोनवर तिथल्या तिथे एक मेसेज पाठवायला लावा. तो वाजल्याशिवाय हलू नका.

आप्पा एकाहत्तर वर्षांचे. लोणंदजवळच्या गावात ते आणि आई, दोघंच राहतात. मी आणि दादा पुण्यात. मे महिन्यात दम लागला म्हणून ॲडमिट केलं, टू-डी इकोत हार्टचं पंपिंग 30 टक्के निघालं, सहाव्या दिवशी घरी सोडलं. ॲडमिशन, औषधं, विमा, सगळं सुरळीत झालं. निघताना हार्ट फेल्युअर क्लिनिकच्या सिस्टरांनी आम्हाला बसवून नीट समजावलं. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, रोजच्यासारख्याच कपड्यांत वजन करायचं. तीन दिवसांत 2 किलोपेक्षा जास्त वाढलं तर त्याच दिवशी फोन करायचा. मीठ दिवसभरात सगळं मिळून 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे एक छोटा सपाट चमचा. आप्पांसाठी पाण्याची मर्यादा दीड लिटर, त्यात चहा, ताक, आमटी सगळं आलं. असं झटपट वाढलेलं वजन म्हणजे चरबी नव्हे, अंगात साठलेलं पाणी, आणि पावलं सुजण्याआधी, दम लागण्याआधी बऱ्याचदा ते काट्यावर दिसतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. "घरी गेल्यावर एवढं लक्षात राहत नाही," सिस्टर म्हणाल्या, "म्हणून आम्ही सहा महिने रोज एक मेसेज पाठवतो." मला केवढा धीर आला होता.

पहिले पंधरा दिवस आप्पांनी वजन केलं. मग कधी केलं, कधी राहिलं. मी फोनवर विचारायचे, "हॉस्पिटलचे मेसेज येतात ना?" ते म्हणायचे, "येतात की." त्यांच्या फोनवर दिवसभर रिचार्जचे, कर्जाचे मेसेज टणटण वाजतात, ते उघडत नाहीत. त्यातलेच काही हॉस्पिटलचे असतील असं त्यांना वाटलं. चूक माझीही आहे. एकदा गावी गेले तेव्हा फोन हातात घेऊन बघायला हवा होता.

मग माउलींची पालखी लोणंदला आली. आमच्या घरी दरवर्षी वारकरी उतरतात. दोन दिवस घर भरलेलं, चुलीवर पिठल्याचं पातेलं, भाकरी, ठेचा, तळलेले पापड. आप्पा सगळ्यांच्या पंगतीला बसले, सगळ्यांना आग्रह करत स्वतःही जेवले. पालखी पुढे गेली आणि चौथ्या रात्री आईचा फोन आला. आडवं झालं की घुसमटतं म्हणून आप्पा तीन उश्या पाठीशी घेऊन भिंतीला टेकून बसले होते. वजन साडेतीन किलोने वाढलेलं. पुन्हा ॲडमिट, पुन्हा शिरेतून लॅसिक्स, म्हणजे अंगातलं पाणी लघवीवाटे काढणारं औषध. मेसेज आला असता तर हे टळलंच असतं असं मी म्हणणार नाही. पण "आज वजन केलं का?" असं त्या चार दिवसांत त्यांना एकदाही कुणी विचारलं नव्हतं.

सिस्टरांनी यादी उघडली. "मेसेज तर रोज डिलिव्हर झालेत," त्या म्हणाल्या. आणि मग नंबर वाचला. तो आप्पांचा जुना नंबर होता. सात-आठ वर्षांपूर्वी गुडघा दाखवायला याच हॉस्पिटलमध्ये आले होते, तेव्हाचा. मे महिन्यात जुनाच रेकॉर्ड उघडला गेला आणि त्यातला नंबर कुणी विचारला नाही, आम्हीही पाहिला नाही. ते सिम त्यांनी रिचार्ज करणं कधीच सोडलं होतं. सिम 90 दिवस वापरलं नाही आणि त्यात बॅलन्सही नसेल तर कंपनी ते बंद करू शकते, आणि पुढे तोच नंबर नव्या माणसाला देते. म्हणजे आप्पांच्या मिठाची, वजनाची, गोळ्यांची आठवण दोन महिने रोज कुणा दुसऱ्याच माणसाला केली जात होती.

नंबर बदलायचा, पाच मिनिटांचं काम, असं समजून मी खाली गेले.

पहिल्या दिवशी सांगितलं, "डीएनडी असेल, 1909 ला मेसेज करून काढा, मग येतील." मी म्हटलं, अहो, नंबरच चुकीचा आहे. शिवाय डीएनडी असला तरी बँकेचे ओटीपी येतातच की. डीएनडी जाहिराती अडवतं, असले सेवेचे मेसेज नाही. ऐकून घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी दुसरा मुलगा होता, त्याने ऐकलं, नवा नंबर टाकला, आणि सिस्टीमने ओटीपी मागितला. जुन्या नंबरवर. मी म्हटलं, जुना नंबर आमच्याकडे असता तर बदलायला कशाला आले असते? तो म्हणाला, "मॅडम, सिस्टीम घेत नाही." हे वाक्य मी त्या आठवड्यात किती वेळा ऐकलं याची गणती नाही.

शेवटी तिथेच उभी राहून जुन्या नंबरला फोन लावला. एका तरुण माणसाने उचलला, मागे टेम्पोचा आवाज. सगळं सांगितलं. तो म्हणाला, "हां, ते वजनाचे मेसेज ना? रोज येतात. मला वाटलं जिमची जाहिरात आहे." मी म्हटलं, आता एक ओटीपी आलाय, तेवढा सांगा. तो थांबला. "ताई, राग मानू नका. ओटीपी मी कुणाला सांगत नाही." काउंटरवरचा मुलगा माझ्याकडे बघत होता, रांग मागून कुरकुरत होती, आणि मला रडू यायच्या बेतात होतं. पण त्या माणसाचं शंभर टक्के बरोबर होतं. अनोळखी बाईला ओटीपी कोण सांगेल? मीही सांगितला नसता. मी त्याला तसं म्हटलं आणि फोन ठेवला. माझा राग त्याच्यावर नव्हता, आजही नाही. नंबर गेलेल्या माणसाला त्याच नंबरवरून स्वतःची ओळख पटवायला लावणारी पद्धत ज्यांनी बसवली, त्यांच्यावर आहे. म्हातारी माणसं नंबर बदलतात, सिम हरवतात, मुलं नवीन फोन घेऊन देतात. हे रोजचं आहे.

तिसऱ्या दिवशी अर्ज लिहून नेला, आधारची झेरॉक्स जोडली. "पेशंट स्वतः हजर पाहिजे." पेशंट वर चौथ्या मजल्यावर ऑक्सिजन लावून झोपलेला, तुमच्याच हॉस्पिटलात! तरी सही खालीच, रेकॉर्ड विभागात, समक्ष. डिस्चार्जच्या दिवशी व्हीलचेअरवरून आप्पांना तिथे नेलं तर जेवणाची सुट्टी झालेली. पाऊण तास ते त्या बोळात बसून होते. पाय सुजलेले, चपला मावत नव्हत्या म्हणून आईने त्या पिशवीत घातलेल्या. सुट्टी संपल्यावर कळलं की साहेब आज नाहीत.

सुटका झाली ती सिस्टरांमुळे. त्या बोळातून जाताना त्यांनी आप्पांना पाहिलं आणि विचारलं, "अजून इथेच?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "अहो, हॉस्पिटलचा रेकॉर्ड वेगळा आणि माझी मेसेजची यादी वेगळी. तिथून एकदा नंबर उचलतो, पुढे यादी माझ्याकडेच असते." दोन मिनिटांत त्यांनी नंबर बदलला. आप्पांच्या खिशातला फोन वाजला. आठवडाभर मी चुकीच्या दारात उभी होते आणि हे मला कुणीही सांगितलं नव्हतं. तेव्हा, मेसेज येत नसतील तर बिलिंग काउंटरला नाही, जे मेसेज पाठवतात त्या क्लिनिकला आधी विचारा.

फोन वाजला खरा, पण मेसेज इंग्रजीत होता. आप्पा जुनी सातवी शिकलेले. मराठीत पाठवा म्हटलं तर सिस्टरांनी अडचण सांगितली: इंग्रजी मेसेजमध्ये 160 अक्षरं बसतात, देवनागरीत 70, आणि त्यात काना-मात्राही वेगळी मोजली जाते. एका मेसेजचे दोन-तीन होतात, खर्च वाढतो. मी म्हटलं, मग मेसेज छोटा करा. "आज वजन केले का?" एवढं पुरे आहे. त्यांना ते पटलं. आता मराठी यादीतल्या सगळ्यांना तसेच तोकडे मेसेज जातात. हे आपल्या हातून झालं याचा मला आनंद आहे. आप्पांच्या जुन्या बटणांच्या फोनवर मात्र मराठीचे नुसते चौकोन दिसले. नवीन साधा फोन घेतला, त्यावर नीट दिसतं. फोन घेताना दुकानातच स्वतःच्या फोनवरून एक मराठी मेसेज पाठवून बघा.

आणखी एक घोळ. नंबराऐवजी अक्षरी नावाने येणाऱ्या मेसेजला उत्तर देता येत नाही. आप्पा दोन दिवस आकडा टाइप करत होते, जातच नव्हता. वजन कळवायचं असेल तर क्लिनिकचा दहा आकडी नंबर वेगळा मागून घ्या आणि नावाने सेव्ह करून द्या.

नंतर मी यावर वाचत गेले. सिडनीत हृदयविकाराच्या 710 रुग्णांवर झालेला अभ्यास 2015 साली आला होता. सहा महिने आठवड्याला चार मेसेज, आणि कोलेस्टेरॉल, रक्तदाब, सिगारेट, तिन्हींत फरक पडला. पण अमेरिकेत 1653 हार्ट फेल्युअर रुग्णांना रोज फोनवरच्या यंत्राला वजन आणि लक्षणं सांगायला लावलं, तो 2010 चा अभ्यास म्हणतो की पुन्हा ॲडमिट होणं किंवा मृत्यू यांत फरक पडला नाही. त्यातल्या 14 टक्के लोकांनी ती सोय एकदाही वापरली नव्हती. हे वाचलं आणि आप्पांचे ते दोन महिने डोळ्यांसमोर आले.

आता सकाळी सहाला मेसेज येतो. आप्पा काटा भिंतीपाशी ओढतात, एक हात भिंतीला लावून चढतात, मग हात सोडतात, कारण टेकलं की आकडा कमी येतो. चष्मा लावून वाकायचं नाही, आई वाचते. मग कालनिर्णयाच्या चौकोनात, जिथे पूर्वी दुधाचा हिशोब असायचा, तिथे पेन्सिलीने लिहितात: 61.4. मग तोच आकडा सिस्टरांना. दिवाळीत 63.2 झालं होतं, दोनच दिवसांत. सिस्टरांनी डॉक्टरांना विचारून लघवीची गोळी तीन दिवस वाढवली आणि ॲडमिट करावं लागलं नाही.

काही गोष्टी राहिल्या त्या लिहिते. उपवासाचं सैंधव हेही मीठच; एकादशीला चालतं म्हणून हार्टला चालत नाही. "लो सोडियम" मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका, त्यात पोटॅशियम असतं आणि आप्पांना जी स्पायरोनोलॅक्टोनची गोळी चालू आहे तिनेही पोटॅशियम वाढतं. गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून आणलेल्या पेनकिलरने अंगात पाणी धरतं. आप्पांच्या उशाखाली अशी एक पट्टी सापडली. पाण्यासाठी दीड लिटरची बाटली सकाळी भरून ठेवा, चहा घेतला की तेवढं पाणी तिच्यातून ओतून टाका.

आणि सिस्टर मेसेज सोमवार ते शनिवार, दहा ते पाचच बघतात. रविवारी वजन वाढलं आणि दमही लागत असेल तर उत्तराची वाट बघत बसू नका, 108 ला फोन करा. आईने तो नंबर काट्याच्या वर भिंतीवर कोळशाने लिहून ठेवलाय.