४१ की ४३? जुन्या मोटरहोमला फोर-बाय-फोर करताना आलेला माझा अनुभव

पुढच्या ॲक्सलचा गोळा (ॲक्सलच्या मधला गिअरचा सुटा भाग, म्हणजे डिफरन्शियल) बेअरिंग बदलून, क्राउन-पिनियन (त्यातलं मोठं आणि छोटं गिअर) सेट करून घ्यायला वर्कशॉपला दिला तेव्हा ‘दहा दिवस लागतील’ असं सांगितलं होतं. गाडी धडपणे चालायला लागली ती पाच महिन्यांनी. बाकीचं सगळं काम, म्हणजे कापाकापी, वेल्डिंग, वायरिंग, मी आणि धाकट्या भावाने मिळून तेवढ्याच वेळात केलं असेल. म्हणून त्या पाच महिन्यांबद्दलच जास्त लिहितोय. असा घाट घालणाऱ्या प्रत्येकाला हे आधी माहीत असायला हवं.

गाडी १९८० च्या दशकातली. टोयोटाच्या टू-व्हील-ड्राइव्ह पिकअपच्या चॅसीवर बांधलेलं छोटं मोटरहोम, फायबरग्लासची बॉडी, २.४ लिटरचं २२आर-ई इंजिन. इंजिन ताकदीचं नाही, पण चिवट आहे. टोयोटाने उत्तर अमेरिकेतल्या फोर-बाय-फोर पिकअपला १९८५ पर्यंत पुढे सरळ, अखंड ॲक्सल दिला होता. १९८६ पासून तिथे इंडिपेंडंट सस्पेन्शन आलं. जुना अखंड ॲक्सल पाट्यांवर (लीफ स्प्रिंगवर) बसतो, त्यामुळे टू-व्हीलच्या चॅसीला पाट्यांचे हँगर वेल्ड करून तो बसवता येतो. आम्ही तेच केलं. एका मोडीत निघालेल्या फोर-बाय-फोर पिकअपमधून पुढचा ॲक्सल, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या-मागच्या ॲक्सलला वाटणारा गिअरचा डबा) आणि इंजिनचा ऑइल पॅन (खालचं तेलाचं भांडं) घेतला. पॅन विसरू नका. टू-व्हीलचा पॅन पुढच्या डिफरन्शियलला आडवा येतो आणि हे इंजिन परत खाली बसवताना कळतं.

मागचा ॲक्सल मात्र मूळचाच ठेवला, कारण तो फुल-फ्लोटिंग आहे. या जातीच्या सुरुवातीच्या गाड्यांत हलका ॲक्सल आणि त्यावर नुसती जोडचाकं असायची. तशा ॲक्सलमध्ये शाफ्ट तुटला की चाकच बाहेर येतं. फुल-फ्लोटिंगमध्ये वजन हौसिंग (ॲक्सलचं बाहेरचं कवच) पेलतं, शाफ्टकडे फक्त फिरवण्याचं काम. घर पाठीवर घेऊन दगडांतून जायचं असेल तर यात तडजोड नको. जोडचाकं काढून एकेरी चाकं लावली, पण टायरवरचा लोड इंडेक्स वाचून. ११२ म्हणजे एका टायरला ११२० किलो. त्याआधी पाण्याची टाकी भरून, सामान घालून, पुढचा आणि मागचा ॲक्सल वजनकाट्यावर वेगवेगळा तोलून घ्या. अंदाजाने टायर घेऊ नका.

आता मुद्द्याचं. पार्ट-टाइम (हवं तेव्हाच चारही चाकांना ताकद देणाऱ्या) फोर-बाय-फोरमध्ये लिव्हर टाकला की पुढचा आणि मागचा प्रोपेलर शाफ्ट एकमेकांना जखडले जातात. मधे दोघांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारं डिफरन्शियल नसतं. म्हणून दोन्ही ॲक्सलचं गिअर-गुणोत्तर एकच लागतं. माझा मागचा ४.१०, पुढचाही ४.१० बघूनच घेतला होता. खोलला तेव्हा क्राउनचे दात मी स्वतः मोजले होते, ४१. पिनियनचे १०.

सांगितल्या मुदतीनंतर महिन्याभराने गोळा परत आला. नवीन बेअरिंग, स्वच्छ धुतलेला. बसवला, मागच्या मोकळ्या मातीत फोर-बाय-फोरमध्ये फेरी मारली, सुरेख चालली. त्या संध्याकाळी मला फार आनंद झाला होता. दुसऱ्या दिवशी डांबरी रस्त्यावर, अगदी सरळ, शंभरेक मीटर फोर-बाय-फोरमध्ये नेली आणि पुढचे टायर चिरकायला लागले. गाडी कुणीतरी मागून धरल्यासारखी जड झाली. लिव्हर परत टू-व्हीलमध्ये येईना. थोडं रिव्हर्स घेतलं तेव्हा ‘टक्’ आवाज होऊन सुटला.

वर्कशॉपमध्ये गेलो. “साहेब, पार्ट-टाइम गाडी डांबरावर अशीच अडकते.” हे अर्धं खरं आहे, म्हणूनच मी फसलो. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबची वाट कापतात, तेव्हा ताण येतोच. पण सरळ रस्त्यावर तो येता कामा नये. हे मला तेव्हाच सुचायला हवं होतं. महिनाभर तसाच घालवला. दुसऱ्यांदा गेलो तर दोष टायरवर. घरी येऊन चारही टायरवर खडूने खूण केली, गाडी ढकलून एकेका फेरीत किती अंतर जातं ते जमिनीवर मोजलं. एका सेंटिमीटरचाही फरक नव्हता. तिसऱ्यांदा उत्तर मिळालं, “नवीन काम आहे, रुळेल.” गिअरचे दात रुळून कमी होत नाहीत. त्या दिवशी मी प्रचंड चिडून परत आलो.

शेवटी निकाल लावला तो खडूनेच. दोन्ही प्रोपेलर शाफ्ट डिफरन्शियलकडून सोडले. शाफ्ट सुटला की गिअरमध्ये ठेवलेली गाडी थांबून राहत नाही, म्हणून चाकांना आधी ठोकळे लावा आणि उचललेल्या बाजूला स्टँड द्या. नुसत्या जॅकवर कुणीही खाली जायचं नाही. मागचं एकच चाक उचललं, दुसरं जमिनीवर. पिनियनच्या फ्लँजवर (शाफ्ट जोडायच्या चकतीवर) एक पांढरी रेघ, हौसिंगवर तिच्यासमोर दुसरी. एक चाक थांबलेलं असताना दुसऱ्याच्या दोन फेऱ्या म्हणजे क्राउनची एक फेरी. म्हणून मी चाकाच्या बरोबर २० फेऱ्या मारायच्या आणि भावाने खाली पडून रेघ किती वेळा समोर येते ते मोजायचं. मागे ४१ आल्या. मग पुढे. पहिल्यांदा चाक फिरलं पण फ्लँज हललाच नाही, कारण हब (पुढची चाकं ॲक्सलच्या शाफ्टला जोडणारी-सोडणारी कुलपं) फ्री होते. दोन्ही हब लॉक केले, पुन्हा सुरुवात. विसावी फेरी झाली आणि खालून आवाज आला, “दादा, त्रेचाळीस.” पुन्हा मोजलं. पुन्हा ४३.

म्हणजे ४.३०. माझा गोळा दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीत गेला होता आणि त्याचा माझ्याकडे आला होता. मागची चाकं १०० मीटर जातात तेव्हा पुढची जेमतेम ९५ मीटर जायला बघतात. उरलेले पाच मीटर टायर घासून निघायचे. मातीत चाकं घसरून ताण सोडतात, म्हणून पहिल्या दिवशी काही कळलं नाही. घेताना तपासायचं तर सरळ, कोरड्या, कडक रस्त्यावर, थोडंच अंतर, आणि तिथल्या तिथे. (लॉकर, म्हणजे ॲक्सलची दोन्ही चाकं एकत्र जखडणारी यंत्रणा, असेल तर दोन्ही चाकं उचलून १० फेऱ्या मोजा.)

मोजणीचा व्हिडिओ दाखवल्यावर वाद संपला. माफी मात्र कुणी मागितली नाही. माझा मूळ गोळा काही मिळाला नाही. दुसरा ४.१० चा शोधून सेट करायला आणखी महिना गेला. यावेळी मी डायल गेज (सूक्ष्म अंतर मोजायचं साधन) घेऊन शेजारी उभा राहिलो. क्राउन-पिनियनमधली ढिलाई ०.१३ ते ०.१८ मिलिमीटर हवी. पहिल्यांदा ०.२५ भरली, मी परत उघडायला लावलं. दातांना पिवळा रंग लावून फिरवलं आणि रंगाचा ठसा दाताच्या मधोमध उमटला तेव्हाच पैसे दिले.

राहिलेल्या तीन गोष्टी लिहितो. उंची वाढवल्यावर ब्रेकचे होज लांब घ्या आणि चाक पूर्ण खाली लोंबकळत असताना ते ताणत नाहीत ना ते बघा. दोन्ही ॲक्सलच्या ब्रीदरला (हवा जायच्या-यायच्या तोंडाला) रबरी नळी जोडून ती इंजिनच्या वरपर्यंत न्या. गरम हौसिंग थंड पाण्यात बुडालं की आत हवा ओढतं, नळी नसेल तर पाणी ओढतं. आणि चॅसी पिळवटते, फायबरग्लास पिळवटत नाही. आम्ही बॉडीचे मागचे दोन बोल्ट स्प्रिंगवर घेतले, त्यानंतर दाराच्या कोपऱ्यातली चीर वाढलेली नाही.

गेल्या आठवड्यात त्याच डांबरी रस्त्यावर सरळ शंभर मीटर गेलो. टायर गप्प. लिव्हर दोन बोटांनी मागे आला. घरी येऊन दोन्ही हौसिंगवर पांढऱ्या ऑइलपेंटने ‘४१:१०’ लिहिलं, मोजल्याच्या तारखेसकट.