गच्चीतला पिझ्झा, बाभळीच्या कोळशावरचा

कोळशावर पिझ्झा करायचा असेल तर आधी एक ठरवून टाकावं: आपल्याला चांगली भाजलेली रोटी खायची आहे की चीज. मी रोटीच्या बाजूचा. वर काय घातलंय ते नंतर बघू, खालचा पोळा खमंग झाला पाहिजे.

मी नाशिकच्या सातपूरला एका कारखान्यात हीट ट्रीटमेंट विभागात काम करतो. पोलादाला आच किती दिली, किती वेळ दिली आणि कुठून दिली, यावर त्याचा गुण ठरतो. पिठाचंही तसंच आहे. इटलीतल्या नेपल्सच्या लाकडाच्या भट्टीत तापमान ४३० ते ४८० अंश सेल्सिअसच्या घरात असतं आणि पिझ्झा ६० ते ९० सेकंदांत बाहेर येतो. तिथे खाली फरशी तापलेली असते आणि डोक्यावर घुमट, म्हणजे दोन्हीकडून एकदम आच. घरचा ओटीजी, म्हणजे छोटा विजेचा ओव्हन, २५० अंशांवर थांबतो. ग्रिलमध्ये आचेला तोटा नाही, पण ती येते सगळी खालून. कोळशावरच्या पिझ्झ्याची सगळी रीत यातूनच निघते.

म्हणून पिझ्झा कच्चा असताना सजवायचा नाही. थापलेलं पीठ तसंच, उघडं, तापलेल्या जाळीवर टाकायचं. जाळीतून खाली गळेल अशी भीती वाटते, पण पिठाची खालची बाजू काही सेकंदांत धरते. दीड-दोन मिनिटांत वर फुगे येतात, खाली काळपट पट्टे उमटतात. मग चिमट्यानं उचलायचं, पाटावर उलटं ठेवायचं आणि भाजलेल्या बाजूवर सॉस, चीज लावून पुन्हा जाळीवर. आता झाकण बंद. आतली हवा तापून वरचं चीज वितळवते. अमेरिकेत प्रॉव्हिडन्स शहरातल्या अल फोर्नो या रेस्टॉरंटमुळे ही पद्धत नावारूपाला आली.

ग्रिल मी अंबडच्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेतलं. आडवं अर्धं पिंप, बिजागरीचं झाकण, आत सळ्यांची जाळी. त्याला दोन गोष्टी ठासून सांगितल्या होत्या. पत्रा काळा हवा, जीआय नको, कारण त्यावरचा जस्ताचा मुलामा तापला की निघणारा धूर छातीला वाईट. आणि केमिकलचं जुनं पिंप कापून द्यायचं नाही, कितीही स्वस्त पडलं तरी.

जळणाचा प्रश्न नाशिकमध्ये पडायचं कारण नाही असं वाटेल. मेहुण्यांची दिंडोरीकडे द्राक्षबाग आहे, ऑक्टोबर छाटणीला बांधावर काड्यांचे ढीग पडतात. पण त्यांनीच अडवलं. ‘‘दाजी, या काड्यांवर हंगामभर औषधं मारलेली असतात, खायच्या आगीत घालू नका.’’ बरोबरच आहे. शिवाय काडी भसकन पेटते आणि विझते, तिचा निखारा टिकत नाही. बाभळीचा कोळसा हळू धरतो, पण एकदा धरला की तासभर साथ देतो. कोळसा सगळा एका बाजूला ओढून ठेवावा आणि दुसरी बाजू रिकामी. पीठ भाजायचं निखाऱ्यांवर, चीज वितळायचं रिकाम्या बाजूला. नाहीतर वर चीज घट्ट आणि खाली कोळसा.

आई सटाण्याची, खापरावरच्या पुरणपोळ्या करत मोठी झालेली. पहिल्यांदा ग्रिल पेटवलं तेव्हा ज्वाळा बघून म्हणाली, ‘‘अरे, जाळ कशाला? आर पडू दे आधी.’’ कोळशावर राखेची पांढरी साय धरेपर्यंत ती मला पिठाला हात लावू देत नाही. माझ्याकडे कारखान्यात वापरतो तसली दुरून तापमान मोजणारी इन्फ्रारेड गन आहे, पण चकचकीत सळीवर ती चुकीचं, कमी तापमान दाखवते. बिडाच्या काळ्या तव्यावर मात्र नीट वाचते. आईची चाचणी सोपी: जाळीवर ठेवलेल्या तव्यावर चिमूटभर पीठ भुरभुरवायचं. चार-पाच सेकंदांत बदामी झालं तर आच बरोबर. टाकल्याबरोबर काळं झालं तर थांबायचं.

पीठ आदल्या रात्री भिजवतो. मैदा ५०० ग्रॅम, पाणी ३०५ ग्रॅम, मीठ १० ग्रॅम, पाव चमचा इन्स्टंट यीस्ट. यात चार गोळे होतात. यीस्ट मुद्दाम कमी, कारण पीठ सावकाश फुललं की चव येते. डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पारा रात्री दहाच्या आसपास उतरतो, तेव्हा पातेलं ओट्यावर झाकून ठेवलं तरी सकाळपर्यंत छान चढतं. एप्रिल-मेमध्ये तासभर बाहेर आणि मग थेट फ्रीज. लाटणं वापरत नाही, हवा निघून जाते. तेलाच्या बोटांनी थालीपीठ थापतो तसं थापायचं, कडा जरा जाड. तेल पिठाला लावावं, जाळीला नाही. खाली ठिबकलं की भडका उडतो.

टोमॅटो गिरणारे-पिंपळगावकडचा मिळतो, कडक सालीचा, ट्रकच्या प्रवासाला टिकणारा. तो कच्चा वाटला तर पाणचट लागतो. अख्खा निखाऱ्यावर साल फुटेपर्यंत भाजून, सोलून, चाळणीत पाणी निथळवून हातानं कुस्करला की नुसत्या मिठावर सॉस तयार. लसूण घातला तर उत्तम. कांदाही आधी भाजून घ्यावा, कारण वरून आच नसल्यानं कच्चा कांदा कच्चाच राहतो. चीज बारीक किसलेलं, फ्रीजमधून तासभर आधी काढलेलं आणि मोजकं. बेसिलसाठी फालुद्यातला सब्जा कुंडीत पेरा. तीच बेसिलची जात आहे, पानांना वासही बराचसा तसाच. पानं पिझ्झा उतरवल्यावरच टाकायची.

चिंचेएवढा ठेचा सॉसमध्ये मिसळून बघा. आमच्या घरी आता साधा कुणी मागत नाही.

आणि हे सगळं उघड्यावरच. बंद गॅलरीत किंवा पावसात शेडचे पडदे सोडून कोळसा पेटवू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. पावसाळ्यात मी ग्रिल पुसून, तेलाचा हात देऊन ताडपत्रीखाली ठेवतो आणि दसऱ्याच्या आसपास बाहेर काढतो.

शेवटचा पिझ्झा उतरला तरी निखारे बराच वेळ जिवंत असतात. त्यात दोन वांगी आणि मिरच्या सोडायच्या, दुसऱ्या दिवशीच्या डब्याला भरीत होतं.